फियाटवरची रेघ

"गाडी करून हवी होती, भाऊजी. अकरा दिवसांत होईल का?"

मंदावहिनी शेवाळे दारात उभ्या होत्या आणि मी एका वीतभरही नसलेल्या जीपच्या बंपरला चंदेरी रंग लावत होतो. असल्या कामात मी श्वास धरून ठेवतो, त्यामुळे मला पटकन 'या' म्हणताही येईना.

"आत या हो वहिनी," शैला म्हणाली. "ह्यांचं खेळणं वाळल्याशिवाय ह्यांना वाचा फुटत नाही."

बायकोने माझ्या छंदाला खेळणं म्हणावं याची मला सवय होती. कराडात गाड्यांच्या रंगांच्या दुकानात मी तीस वर्षं रंग जुळवायचं काम केलं. गॅरेजवाला ठोकलेलं दार घेऊन यायचा, मी डबे मिसळून असा रंग काढून द्यायचो की नवा पत्रा कुठला आणि जुना कुठला हे मालकालाही सांगता येऊ नये. दिवसभर तेच, आणि सुट्टीच्या दिवशी घरी गॅलरीत बसून पुन्हा तेच, फक्त चोवीसपट लहान गाड्यांवर. मुंबईहून प्लास्टिकचे संच मागवायचे, जोडायचे, घासायचे, अस्तर द्यायचं, रंगाचे पातळ हात मारायचे, शेवटी वरून पारदर्शक लॅकर. गावात लोक म्हणायचे, रंग लाटकरांनी सांगितला म्हणजे विषय संपला. मला ते ऐकायला फार आवडायचं. आता लपवून काय करायचंय?

वहिनी पाटावर बसल्या. चहाला हात लावला नाही.

"ह्यांची फियाट करायची," त्या म्हणाल्या. "तुम्हाला आठवते ना?"

आठवायचं काय त्यात! विलासराव शेवाळे कोंबड्यांची औषधं विकायचे. त्यांची हिरवट फियाट, कच्चा पेरू आतून असतो तसा रंग, टपावर काळं कॅरिअर. एका अपघातानंतर तिच्या डाव्या दाराचा रंग मीच जुळवून दिला होता. एकोणनव्वद सालच्या फेब्रुवारीत एके सकाळी ते पाटणकडच्या पोल्ट्र्या करायला म्हणून त्या गाडीतून निघाले आणि परत आले नाहीत. ना माणूस, ना गाडी.

पाटणकडचा शोध दोन दिवस चालला आणि थांबला. तो माझ्यामुळे थांबला. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मालकाच्या कामासाठी निपाणीला गेलो होतो. तिथे दिवेलागणीला पेट्रोल पंपावरून ती फियाट बाहेर पडताना मी पाहिली. चालवणाऱ्याचं तोंड पलीकडे होतं. शेजारी एक बाई बसलेली होती. मी हे आधी दुकानात सांगितलं, मग विलासरावांचा धाकटा भाऊ सदाशिव याला सांगितलं, आणि मग चौकीत सही करून दिली. फौजदारांनी विचारलं, "नक्की?" मला तोंड उघडायची गरजच पडली नाही. आमचे मालक म्हणाले, "साहेब, रंगात हा माणूस चुकत नाही."

तेव्हापासून मंदावहिनी नवऱ्याने टाकलेली बाई झाल्या. हळदीकुंकवाला काही घरांतून बोलावणं यायचं बंद झालं. बाजारात भाजीवाल्यासुद्धा त्यांच्याकडे बघून एकमेकींना कोपर मारायच्या. बारा वर्षं हे चाललं होतं.

"बारा वर्षं होऊन वर महिने झाले म्हणून सदाभाऊजींनी येत्या अमावास्येला विधी करायचा ठरवलाय," वहिनी म्हणाल्या. "पळसाच्या पानांचा पुतळा करायचा आणि त्यालाच अग्नी द्यायचा. गुरुजी म्हणाले शास्त्रात आहे. म्हटलं, माणसाचा पुतळा गुरुजी करतील, गाडी लाटकर भाऊजी करतील. गाडीशिवाय ते कोपऱ्यावरसुद्धा जात नव्हते. सोबत ठेवीन."

"करतो की," मी म्हणालो.

"आणि एक विचारायचं होतं." त्यांनी मंगळसूत्र मुठीत धरलं. "तुम्ही पाहिलंत ना त्यांना? म्हणजे जिवंत असतील तर जित्या माणसाला जाळल्यासारखं होईल. सदाभाऊजी म्हणतात, आता आला तरी आम्हाला मेल्यासारखाच. पण हे मला काढावं लागणार. काढू का ठेवू, तेवढं सांगा."

शैला माझ्याकडे बघत होती.

"वहिनी," मी म्हणालो, "माणूस मी विसरेन, पण रंग विसरत नाही. ती गाडी त्यांचीच होती. पुढचं तुम्ही ठरवा."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या. किती सहज म्हणालो मी ते!

फियाटचा एक संच माझ्याकडे पडून होता. तीन दिवसांत गाडी जोडून झाली. दाराच्या वेळचं रंगाचं माप माझ्या वहीत होतं, तरी मी गॅलरीतल्या उन्हात पुन्हा जुळवून पाहिलं. लहान गाडीवर तोच रंग गडद दिसतो, म्हणून त्यात थोडा पांढरा घालावा लागतो. बुधवारी लॅकर मारला आणि गाडी काचेच्या बरणीखाली झाकून ठेवली. इतकी सुरेख उतरली होती की जेवताना मी दोनदा उठून बघून आलो.

गुरुवारी सकाळी तिच्यावर रेघ होती.

राखाडी, मळकट. पुढच्या टपापासून तिरकी खाली येत मागच्या चाकापर्यंत गेलेली. रेघेच्या पुढचा सगळा भाग मळलेला, मागचा स्वच्छ. मला वाटलं, लॅकर पांढरा पडला. दमट हवेत पडतो तसा. पण मे महिना होता आणि कराडात घसा कोरडा पडावा अशी हवा. तरी म्हटलं, डबा जुना असेल. गाडी ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवली. त्यात प्लास्टिकला धक्का न लागता रंग सगळा सुटतो. घासली, धुतली, पुन्हा अस्तर, पुन्हा रंग, नवा डबा फोडून लॅकर.

शनिवारी सकाळी रेघ तिथेच. पुढून तिरकी, मागे उतरत गेलेली. बोट लावलं तर रवाळ लागलं. लॅकर कधी रवाळ लागत नाही. आणि गाडी गार होती. गॅलरीत पाय ठेवता येऊ नये असं ऊन, आणि ती माठाच्या बुडासारखी गार.

मी शैलाला काही बोललो नाही. गुपचूप दुसऱ्यांदा रंग काढला.

सोमवारी तिनेच हाक मारली. "अहो, इकडे या. तुमच्या त्या गाडीला वास येतोय."

वास येत होता. उन्हाळ्यात तळ गाठलेल्या विहिरीत वाकून बघितलं की येतो तसा. शैलाने बरणी उचलली नव्हती, लांबूनच बोट दाखवत होती.

"आत बघा."

काचा मी चिकटवून बसवल्या होत्या, त्यांतून मुंगी जाणार नाही. आणि काचांच्या आत, सीटवर, स्टिअरिंगवर, तोच राखाडी थर होता. बाहेरची रेघ जिथे संपत होती, बरोबर तिथेच आतला थर संपत होता. स्टिअरिंग पूर्ण बुडालं होतं. मागची सीट कोरडी होती.

"तुम्ही केलंत हे?" तिने विचारलं.

"मी कशाला करीन?"

"मग देवाशपथ सांगा."

मी देवाशपथ सांगितलं. ती पदर तोंडाला लावून उभी राहिली. तीस वर्षांच्या संसारात मी तिला घाबरलेलं फारसं पाहिलं नाही. घाबरायचं खातं माझ्याकडे असायचं.

"ही रेघ तिरकी का आहे?" ती म्हणाली. "चिखल बसला तर सपाट बसेल. आमच्या माहेरी पूर ओसरला की भिंतीवर रेघ असायची, ती कशी सरळ, दोरीने आखल्यासारखी. ही तिरकी कशी?"

मी गाडी हातात घेतली. खरं सांगतो, घ्यायचं मनात नव्हतं. शैलाने पाण्याचा काचेचा ग्लास आणून समोर ठेवला. मी गाडीचं तोंड हळूहळू खाली करत गेलो. थोडं अजून. थोडं अजून. एका ठिकाणी रेघ ग्लासातल्या पाण्याच्या बरोबरीने आडवी झाली. माझ्या हातात फियाट तोंड खाली, शेपूट वर अशी उभी होती, आणि तिच्या आतबाहेर गाळ एका पातळीत होता.

"ही रुतलीय कुठेतरी," शैला पुटपुटली. "वरून पडलीय आणि तोंडावर रुतलीय."

मग ती माझ्याकडे वळली. "पण तुम्ही तर निपाणीला पाहिलीत ना?"

मी तिच्या अंगावर ओरडलो. काय बोललो ते आठवत नाही, पण असं ओरडायचं मला काही कारण नव्हतं. पाहिली म्हणजे पाहिली, दहा वेळा तेच म्हणालो असेन. शर्ट चढवला आणि सुट्टी असूनही दुकानात जाऊन बसलो.

दुकानासमोर एस.टी. स्टँड. संध्याकाळ होत आली तशी मला स्वस्थ बसवेना. मी रंगांच्या नमुन्याच्या चार पट्ट्या घेतल्या. विलासरावांचा हिरवट, आभाळी निळा, राखी, आणि मोतिया. स्टँडच्या आवारात पिवळे दिवे नुकतेच लागले होते, महामार्गावरच्या पंपांवर त्या काळी असायचे तेच पिवळेजर्द दिवे. पट्ट्या एका हातात पत्त्यांसारख्या धरल्या आणि दिव्याखाली उभा राहिलो.

चारही पट्ट्या एकाच रंगाच्या दिसत होत्या. मळकट पिवळ्या. मी त्या पिसल्या आणि डोळे मिटून एक काढली. सांगता येईना कुठली. तीस वर्षं रंगाच्या नजरेच्या जिवावर गावात मान वर करून चाललेल्या मला, हातभरावरून, सांगता येईना. रोज गॅरेजवाल्यांना मी दुकानातल्या दिव्याखाली रंग बघू देत नव्हतो. दंडाला धरून फुटपाथवर उन्हात न्यायचो, वर शहाणपण शिकवायचो, की दिव्याखाली रंग बघणारा आंधळा. आणि स्वतः निपाणीच्या पंपावर दिवेलागणीला एक फिकी फियाट बघितली, टपावर कॅरिअर बघितलं, आणि चौकीत जाऊन सही ठोकली.

मी स्टँडच्या बाकावर बसलो. मला रडू आलं. एक कंडक्टर "काका, बरं वाटत नाही का?" म्हणून विचारून गेला.

मंगळवारी सकाळी वहिनींच्या घरी गेलो. गाडी रुमालात गुंडाळून नेली होती. सगळं सांगितलं. रेघ दाखवली, पट्ट्या दाखवल्या, दिव्यांचं सांगितलं. "मी पाहिली ती गाडी कुणाचीही असेल," मी म्हणालो. "मला रंग दिसलाच नव्हता. दिसला असं मला वाटलं."

दिव्यांचं बोललो तेव्हा वहिनींनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग त्यांनी गाडीवरचा गाळ बोटावर घेतला, चोळला.

"ही तर खडीची भुकटी," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या गाडीवर नेहमी बसलेली असायची. तांबजाईच्या माळावर क्रशर होता, त्याच्या पुढची पोल्ट्री ह्यांचं गिऱ्हाईक. मी चाकं पुसायची." त्यांनी पायात चप्पल घातली. "चला."

तांबजाईची खाण पाटणच्या वाटेवर, रस्त्याच्या वळणाला अगदी खेटून. दगड काढून काढून खोल गेली आणि मग झऱ्याने भरली. आता तिला कठडा होता, त्या वेळी नव्हता. निरोप मिळाल्यावर सदाशिवने नदीवरून एक भोई आणला होता. विहिरीत पडलेल्या कळशा काढायचा गळ आणि लांब दोर, एवढंच त्याचं सामान. भर दुपारी, पाणी काळंशार आणि हलत नव्हतं. काठावर आम्ही चौघंच होतो.

"हितं काय गावनार न्हाई ओ," तो भोई गळ सोडत म्हणाला. "समदा गाळ हाय."

तीनदा गळ रिकामा आला. चौथ्यांदा तो अडकला. भोयाने दोर ताणला, सैल सोडला, परत ताणला, आणि ऐकत राहिला.

"पत्रा हाय, ताई," तो म्हणाला. आवाज एकदम खाली आला होता. "दगूड असा वाजत न्हाई."

दोन दिवसांनी पोलिसांनी क्रेन लावून फियाट वर काढली. पाणी गळत, तोंड खाली करून ती वर आली. बोनेटपासून टपापर्यंत गाळाने माखलेली, आणि टपावरून मागच्या चाकाकडे एक तिरकी रेघ, तिच्यापलीकडे शेवाळातून अजून हिरवट रंग दिसत होता. मी ती रेघ तीनदा पाहिली होती. मला मोजायची गरज नव्हती. नंबराची पाटी शाबूत होती. विलासराव स्टिअरिंगपाशीच होते, जे काही उरलं होतं ते. शेजारी कुणी नव्हतं.

घरी येऊन बरणी उघडली तर मंगळवारी परत आणून ठेवलेली माझी गाडी कोरडी, स्वच्छ, नुकताच लॅकर मारल्यासारखी चकचकत होती. त्यानंतर मी तिला हात लावला नव्हता. शैलाने ती पदरात धरून वहिनींकडे पोचवली. अमावास्येला पुतळ्याची गरज पडली नाही. अस्थींबरोबर गाडी ठेवताना गुरुजी प्लास्टिक म्हणून कुरकुरले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि ठेवली.

तेरावं झाल्यावर त्यांनी मला बोलावलं. त्यांच्या गळ्यात आता मंगळसूत्र नव्हतं. सदाशिव बाहेर होता, घरात आम्ही दोघंच.

"ती साडी, भाऊजी?" त्यांनी विचारलं.

हे मी अजून तुम्हाला सांगितलं नाही. सांगायला जीभ उचलत नव्हती. चौकीत फौजदारांनी विचारलं होतं, बाईच्या अंगावर काय होतं? एवढा रंगातला माणूस, मला माहीत नाही असं कसं म्हणायचं? मी म्हणालो, मोरपंखी साडी. तोंडाला आलं ते बोललो. दुसऱ्या दिवशी गावभर झालं.

"मला साडीचा रंग दिसला नव्हता, वहिनी."

"ते कळलं मला. तुम्ही दिव्यांचं सांगितलंत तेव्हाच कळलं. गाडीचा दिसला नाही तर साडीचा कुठून दिसणार?" त्या शांत बोलत होत्या, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटत होती. "माझ्या पाठची बहीण कुसुम. निपाणीला दिलेली. त्या दिवाळीला ह्यांनी आम्हा दोघींना सारख्या साड्या घेतल्या होत्या. मोरपंखी. माझी ट्रंकेत होती."

मी तोंडाला आला म्हणून सांगितलेला रंग त्यांच्या ट्रंकेत होता.

"कुणाला सांगितलं नाही मी. सांगणार काय? बहिणीनेच नवरा नेला म्हणून? दोनदा आली होती ती दारात. रडत होती. मी कडी काढली नाही. म्हटलं, नाटकं करते. नवऱ्यालाही रोज शिव्या घातल्या, पण ते जाऊ द्या, त्यांना आता अग्नी मिळाला. कुसुम चार वर्षांपूर्वी गेली. निरोप आला होता. मी गेले नाही."

मी वहिनींच्या पाया पडायला वाकलो, तर त्या मागे सरकल्या.

"ते नको. तिला एक मुलगी आहे, आत्ता अठराची असेल. तिला जाऊन सांगायचं, तुम्ही. चौकीत सांगितलंत तसंच, समोर उभं राहून."

"आणि तुम्ही?"

"मी येईन. पण त्या दारात बोलायला मला तोंड नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने आम्ही निपाणीला गेलो. घर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत होतं. कडी मी वाजवली. वहिनी माझ्यामागे, पदर कपाळावर ओढून उभ्या राहिल्या.

मुलीने दार उघडलं. हातांना कणीक लागली होती. "कोण पाहिजे?"

"मी मुकुंद लाटकर, कराडहून आलो," मी म्हणालो. "पोरी, तुझ्या आईबद्दल बारा वर्षांपूर्वी मी खोटं बोललो होतो. नाव तिचं घेतलं नव्हतं, पण नुकसान तिचं झालं."

मी सगळं सांगितलं. ती दाराची चौकट धरून ऐकत होती, मध्येच माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. माझं संपलं. मग तिने विचारलं, "ही मंदामावशी का?"

वहिनींनी मान हलवली.

"आईने सांगून ठेवलंय," मुलगी म्हणाली. "मावशी कधीतरी येईल. आली की आधी चहा कर, आणि मग तिला विचार, माझं काय चुकलं होतं?"

आणि ती हात धुऊन चहा टाकायला आत गेली.